शंखी गोगलगायींचा पावसाळा

आई निपाणीचं घर भावाच्या हवाली करून माझ्याकडे बेळगावला राहायला आली, त्याच उन्हाळ्यात मी कुत्रीचं पिल्लू घरी आणलं. दोन्ही गोष्टी ठरवून एकत्र केल्या नव्हत्या. मी वीज कंपनीत इंजिनियर आहे. आमच्या एका सबस्टेशनच्या आवारात, केबलच्या रिकाम्या ड्रमखाली एक गावठी कुत्री व्यायली होती. तिथं खोदाईचं काम निघालं तेव्हा पिल्लांना हलवणं भाग पडलं. लाइनमन लोकांनी एकेक नेलं. तांबूस रंगाचं एक राहिलं, ते मी स्कूटरवर पायापाशी खोक्यात ठेवून घरी आणलं.

आईनं दारातच विचारलं, “हे कशाला?”

मी म्हटलं, मी दिवसभर ऑफिसात असते, तू एकटी असतेस, तुला सोबत होईल. तिनं व्हरांड्यातली आपली खुर्ची उचलून आत खिडकीपाशी नेली आणि तिथं बसली.

आईच्या डाव्या पोटरीवर एक जुना व्रण आहे. ती लहान असताना आजी निपाणीजवळच्या एका जमीनदाराकडे तंबाखूच्या शेतात कामाला जायची. त्यांच्या घरी ताक झालं की आईला तांब्या घेऊन पाठवत. एक दिवस त्यांचा कुत्रा साखळीला नव्हता. त्यानं पोटरी धरली. घरातली माणसं धावून आली आणि त्यांनी पहिल्यांदा विचारलं ते हे, की एवढी आत कशाला आलीस. मग सरकारी दवाखान्यात पोटात इंजेक्शनं झाली. दुसऱ्याच कुणा मुलीची हकीकत सांगावी तशी आई ही गोष्ट सांगते. त्या माणसांबद्दल फार बोलत नाही. कुत्र्याबद्दल मात्र त्या दिवशी बोलली. “त्या कुत्र्याचं काय चुकलं न्हाय,” ती म्हणाली. “त्याला शिकवलंतं तसं. पर मी न्हाय हात लावायची हिला. आधीच सांगते.”

तेव्हा घराची वाटणी झाली. व्हरांडा आणि परस पिल्लाचा, आतलं घर आईचं. मी ऑफिसात असताना दुपारचं खाणं आई द्यायची, पण ताटली व्हरांड्यात ठेवून केरसुणीच्या दांड्यानं पुढं सरकवायची. मी पिल्लाला एक नाव ठेवलं होतं. आईनं ते कधी तोंडात घेतलं नाही. ती तिला ‘तांबडी’ म्हणायची, आणि तेही माझ्याशी बोलताना. पुढं मलाही तेच नाव आवडायला लागलं.

आमची कॉलनी शहराच्या पश्चिमेला, बेळगुंदीच्या वाटेवर आहे. काही वर्षांपूर्वीपर्यंत इथं भात लावत. आता एक घर, एक रिकामा प्लॉट, पुन्हा एक घर अशी रचना झाली आहे. रिकाम्या प्लॉटमध्ये कमरेएवढं गवत वाढतं, लोक कचरा टाकतात, आणि त्या कचऱ्यावर उंदीर आणि घुशी मजेत राहतात. मी घर घेतलं तेव्हा गोगलगायी होत्या त्या बारक्या, बुळबुळीत, बिनशंखाच्या. मोठ्या शंखाच्या नंतर आल्या. कुणी म्हणतं नर्सरीच्या रोपांबरोबर आल्या, कुणी म्हणतं बागेसाठी मागवलेल्या लाल मातीतून. तळहातात मावणार नाही एवढा तपकिरी पट्ट्यांचा शंख, आणि भिंतीवरून वर चढताना मागं चकाकणारी चिकट वाट. शेतकी खात्याचे लोक त्यांना शंखी गोगलगाय म्हणतात. माझ्या ऑफिसात कन्नड चालतं, तिथं त्यांना ‘बसवनहुळ’ म्हणतात. म्हणजे मराठीत ती गाय झाली आणि कन्नडात बसवाचा, नंदीचा किडा. ढोरांशी तिचं काय साम्य दोघांना दिसलं, कुणास ठाऊक. कदाचित दोन शिंगं, आणि सावकाश चरत जाणं.

चरण्याबद्दल बोलायचं तर आमच्या शेजारच्या अण्णांना विचारावं. ते मिलिटरीतून रिटायर झालेले, मूळचे बेळगुंदीचे, तिथं भावांची शेती अजून चालते. घरामागच्या तुकड्यात त्यांनी कोबी, घेवडा, पडवळ असं सगळं लावलं होतं. जुलैचा पाऊस लागला आणि सकाळी उठून पाहावं तर कोबीच्या पानांच्या नुसत्या शिरा उरलेल्या. अण्णा कुंपणाशी उभे राहून, दोन्ही हात मागं बांधून, ते बघत राहायचे.

तांबडीला मात्र या गोगलगायी म्हणजे खेळणं सापडलं होतं. मोठ्या शंखावर ती पंजा मारायची, तो कलंडला की मागं उडी घेऊन भुंकायची. मी एकदोनदा मोबाइलवर तिचं चित्रण करून ऑफिसातल्या मैत्रिणींना पाठवलं होतं. पावसाळ्यात माझं काम वाढतं, त्यामुळे दिवसभर ती परसात काय करते हे मला माहीत असायचं कारण नव्हतं. खिडकीपाशी आई बसलेली असायची.

श्रावणातल्या एका रविवारी सकाळी आई चहा गाळताना म्हणाली, “तांबडीची शेपूट बघ जा.”

मी बाहेर गेले. एरवी मला पाहिल्यावर तिचं अख्खं अंग मागून पुढं हलायचं. त्या दिवशी शेपूट भिजलेल्या सुतळीसारखी खाली लोंबत होती. माझ्याकडे यायला निघाली तर मागचे पाय एकमेकांत अडकले आणि ती मटकन बसली. उचलायला म्हणून मी कमरेवर हात ठेवला, आणि ती अशी किंचाळली की मी हात काढून घेतला. कुत्र्याचा तसला आवाज मी त्याआधी ऐकलेला नव्हता. आई दारात येऊन उभी राहिली होती. आत गेली नाही.

मला वाटलं, रात्री फाटकातून बाहेर गेली असेल आणि मोटारसायकलनं ठोकरलं असेल. तिला चादरीत गुंडाळलं, रिक्षा बोलावली. आई छत्री घेऊन आली आणि म्हणाली की तू एकटी तिला धरशील का पैसे देशील का दार उघडशील, मी येते. रिक्षात ती अगदी कडेला, अंग चोरून बसली. तांबडी माझ्या मांडीवर कण्हत होती आणि आई बाहेर पावसाकडे बघत होती.

दवाखाना खडेबाजाराच्या मागच्या एका गल्लीत आहे. डॉक्टर म्हणजे तिशीतल्या एक बाई, बागलकोटकडच्या, मराठी इथं येऊन शिकलेल्या. त्यांनी तांबडीला टेबलावर उभं केलं, खालून पोटाला आधार दिला, आणि मागच्या पायाची बोटं उलटी दुमडून ठेवली. निरोगी कुत्रं पाऊल लगेच सरळ करतं, त्या म्हणाल्या. तांबडीनं केलं नाही. पाऊल तसंच उलटं राहिलं, जणू ते तिचं नव्हतंच. एक्स-रेमध्ये काही मोडलेलं दिसलं नाही. ताप नव्हता. लसी वेळच्या वेळी झाल्या होत्या. मग त्यांनी विचारलं, घराजवळ उंदीर आहेत का. मी म्हटलं, आहेत. गोगलगायी? मी म्हटलं, पुष्कळ. खाते का ती?

मी म्हणणार होते की खेळते, पण खात नसावी. तेवढ्यात माझ्या मागून आई म्हणाली, “खाती की. सकाळच्याला मी खिडकीतनं बघते. थोरल्यांस्नी नुसती हुंगती, बारकी दाताखाली फोडून खाती. बिनशंखाच्या तर गिळतीच.”

डॉक्टर तिच्याकडे वळल्या आणि तिथून पुढं बहुतेक तिच्याशीच बोलल्या. आपल्या नीटनेटक्या, जरा कन्नड वळणाच्या मराठीत त्यांनी जे सांगितलं ते असं. उंदराच्या फुफ्फुसात एक बारीक जंत राहतो. त्याची पिल्लं उंदराच्या लेंड्यांतून बाहेर पडतात. गोगलगाय चरता चरता त्या लेंड्या खाते आणि जंताची पिल्लं तिच्या अंगात वाढतात. पुन्हा उंदरानं ती गोगलगाय खाल्ली की जंताचा फेरा पुरा होतो. पण मध्येच कुत्र्यानं, विशेषतः लहान पिल्लानं ती खाल्ली, तर जंत वाट चुकतो. तो पाठीच्या कण्यात आणि मेंदूत शिरतो आणि तिथंच अडकतो. मग अंग त्याच्याशी झगडायला लागतं आणि त्या झगड्यात मज्जातंतूंना सूज येते.

त्यांनी हेही सांगितलं की हे पक्कं म्हणता येणार नाही. पक्कं म्हणायला कण्यातलं पाणी काढून लांबच्या प्रयोगशाळेला पाठवावं लागेल, आणि एवढ्याशा पिल्लाला ते झेपेल असं त्यांना वाटत नव्हतं. अशी कुत्री आपण फार पाहिलेली नाहीत, पण लक्षणं जुळतात, म्हणून त्यावरूनच उपचार करू, त्या म्हणाल्या. मी म्हटलं, मग जंताचं औषध द्या ना. त्यांनी मान हलवली आणि आईलाच सांगितलं, “अज्जी, जंत मारला तर तो आतच मरणार. मेलेल्या जंतानं सूज आणखी वाढेल. आधी सूज उतरू दे.”

आईनं एवढंच विचारलं, “हिच्यापासनं आमास्नी काय होतंय काय?”

डॉक्टर म्हणाल्या की तिच्यापासून नाही, तिला खुशाल जवळ घ्या. पण तोच जंत माणसालाही बाधतो. गोगलगाय उघड्या हातानं धरू नका, आणि पालेभाजी, कोबी कच्ची खाणार असाल तर पान न् पान धुवून घ्या. मग गोळ्या कशा द्यायच्या, लघवी आपली आपण होते का ते पाहायचं, पायांचा लुळेपणा पुढच्या पायांकडे सरकला तर लगेच आणायचं, हे सगळं समजावलं. येताना रिक्षात आई तितकी कडेला बसली नव्हती, असं मला आता वाटतं. पण ते नंतरच्या आठवणीनं रंगवलेलंही असेल.

दुसऱ्याच दिवशी वारा सुटला. झाडं तारांवर पडली, खांब वाकले, फोन वाजत राहिला. मी रेनकोट अंगात घालून आईसमोर उभी राहिले आणि म्हटलं की रजा मिळण्यासारखी नाही, दिवसभरासाठी कुणाला तरी बोलावते.

“कुणाला बोलवतीस?” आई म्हणाली. “तू जा. लोकांच्या घरात अंधार हाय.”

संध्याकाळी मी भिजून घरी आले तेव्हा व्हरांड्यातलं पोतं रिकामं होतं. आत स्वयंपाकघरात, ओट्याजवळच्या कोरड्या कोपऱ्यात, आईची वाकळ घडी घालून अंथरली होती आणि तिच्यावर तांबडी एका कुशीवर झोपली होती. शेजारी आई भिंतीला टेकून बसली होती. पिल्लाच्या पोटाखालून जुन्या लुगड्याची रुंद पट्टी गेलेली दिसत होती. तिची दोन्ही टोकं वर धरून आईनं मागचा भाग उचलला होता आणि पुढच्या पायांवर तिला चालवत लघवीला परसात नेऊन आणलं होतं. दिवसभरात बऱ्याच वेळा, कारण त्या गोळ्यांनी तहान फार लागते.

मी विचारलं, “तू हात लावलास?”

“ओरडत हुती,” आई म्हणाली. “मग काय करू?” आणि साबणानं हात धुवायला उठली. या विषयावर आमचं एवढंच बोलणं झालं.

पुढचे दिवस तिनंच सगळं केलं. गोळी अंड्याच्या बलकात चुरून भातात कालवायची. एकाच कुशीवर राहून कातडी सोलवटू नये म्हणून कूस बदलायची. पायाची बोटं एकेक करून दाबायची. सुरुवातीला गोळी देताना हाताला टॉवेल गुंडाळायची. एकदा कूस बदलताना तांबडीला कळ आली आणि तिनं वळून आईच्या मनगटावर दात टेकवले. मी त्या वेळी बाहेरच्या खोलीत होते. आई येऊन म्हणाली, “दात लागलं. रगात न्हाय.” मी दिव्याखाली मनगट धरून बारकाईनं पाहिलं. खरंच काही नव्हतं, दोन फिके वळ फक्त. मी म्हटलं, आता तू नको करूस, मी काहीतरी बंदोबस्त करते. आई हात सोडवून घेत म्हणाली, “दुखतंय तिला. मला गुडघा दुखतो तवा मी बी तुझ्यावर वसकन जाते की.” आणि परत आत गेली. त्या दिवसापासून टॉवेल गेला.

सुधारणा दिसत नव्हती. एक आठवडा उलटून गेल्यावर तांबडी खाईनाशी झाली. डॉक्टरांनी गोळीचं प्रमाण बदललं आणि मला फोनवर स्पष्टच सांगितलं की असंच राहिलं तर तिला त्रासातून सोडवायचा विचार करावा लागेल. ऑफिसातही एकदोघांनी तेच सुचवलं. मी आईला सांगितलं. तिला त्याचा अर्थ लगेच कळला नाही, कळला तेव्हा ती उठून तांबडीपाशी जाऊन बसली. आई रोज सकाळी पंचशील म्हणते, निपाणीला असताना पौर्णिमेला विहारात जायचं चुकवत नसे. मला वाटलं आता ती त्यातलं जीवहिंसेबद्दलचं काही बोलेल. पण तिनं वाटीत थोडं पातळ वरण घेतलं, त्यात बोट बुडवून तांबडीच्या ओठाला लावलं. जीभ बाहेर आली. पुन्हा लावलं, पुन्हा आली.

“खाती हाय न्हवं?” आई म्हणाली. “मग कशाला ते.”

मी डॉक्टरांना थांबा म्हणून कळवलं.

त्याच आठवड्यात निळ्या दाण्यांची भानगड झाली. सुट्टीचा दिवस होता. आई लुगड्याची पट्टी धरून तांबडीला परसात घेऊन गेली होती. कुंपणाशी गेल्यावर तांबडी एकदम नाक ताणून पुढं ओढ घ्यायला लागली, म्हणून आईनं खाली पाहिलं. अण्णांच्या बाजूनं कुंपणाच्या कडेनं निळसर दाण्यांची ओळ टाकली होती आणि काही दाणे घरंगळून आमच्या हद्दीत आले होते. तांबडीला आत ठेवून तिनं प्लास्टिकच्या पिशवीत ते दाणे उचलून मला दाखवले. भुश्यासारखा वास येत होता. मी डॉक्टरांना फोटो पाठवला. त्यांचा लगेच फोन आला. हे गोगलगायीचं विष आहे, कुत्र्यांना याचा वास आवडतो, पोटात गेलं तर झटके येऊन कुत्रं काही तासांत मरतं. एक दाणाही शिल्लक ठेवू नका.

मला राग आला होता. मी चप्पल घालत होते तोवर आई पदर खोचून पुढं निघाली होती. अण्णांच्या फाटकाशी जाऊन ती थांबली. अण्णा व्हरांड्यात पेपर वाचत होते. उठून म्हणाले, “या आक्का, आत या.”

“हितंच बरी हाय,” आई म्हणाली. ती कुणाच्याही दारात पहिल्यांदा असंच म्हणते. मग तिनं पिशवी वर धरली. “अण्णा, तुमच्या कोबीचं लई नुकसान झालंय. रोज बघते मी. पर हे निळं दाणं कुत्र्याला मारत्यात. आमची तांबडी आधीच पडलीया. आज वास घेत हुती.”

अण्णा फाटकापर्यंत आले. पिशवीकडे पाहिलं. दुकानदारानं कुत्र्याबद्दल काही सांगितलं नव्हतं, ते म्हणाले, आणि पुड्यावर सगळं बारीक इंग्रजीत. मग त्यांचा चेहरा जरा पडला. मुद्दाम टाकलं असं आम्हाला वाटलं की काय, ही शंका त्यांना आली असावी. आईनं ती ओळखली. म्हणाली की तुम्हाला ठाऊक असतं तर तुम्ही टाकलं नसतं, म्हणून तर सांगायला आले.

अण्णांनी त्याच दुपारी खराटा आणि सुपली घेऊन सगळी ओळ झाडून काढली. वरची माती खरवडून पिशवीत भरली. संध्याकाळी ते स्वतः आमच्याकडे आले, चहा घेतला, आणि म्हणाले की बेळगुंदीला भावानं सोयाबीनमध्ये एक उपाय केला होता. गोणपाट गुळाच्या पाण्यात भिजवून बांधावर टाकायचं. रात्रीतून गोगलगायी त्याखाली गोळा होतात, सकाळी उचलून घ्यायच्या. कष्ट आहेत, पण विष नाही.

तसं सुरू झालं. दिवस मावळताना गोणपाटं टाकायची आणि उजाडताना उलटायची. अण्णा, त्यांची बायको, आई, आणि सुट्टी असेल त्या दिवशी मी, हातात प्लास्टिकच्या पिशव्या घालून वाकून गोगलगायी वेचत असू. पहिल्या सकाळी बादली भरली. मातीत साबुदाण्यासारखी अंडी सापडली, तीही उकरून काढली. सगळं मिठाच्या पाण्यात टाकून मग खोल खड्ड्यात चुना घालून पुरायचं. गल्लीतले लोक आधी हसले. मग पलीकडच्या घरातल्या बाईंनी येऊन विचारलं की त्यांच्या दोन कुत्र्यांनाही हे होऊ शकतं का, आणि दुसऱ्या दिवसापासून त्याही यायला लागल्या.

आई वेचायची, पण बादलीत मीठ टाकायची वेळ आली की बाजूला व्हायची. एकदा मी तिला विचारलं. ती पायरीवर बसून पाय धूत होती. “मला बरं न्हाय वाटत,” ती म्हणाली. “सकाळी उठून म्हणते काय, आणि अर्ध्या तासानं करते काय. त्यांनी बी काय केलंय? चरत्यात. दुसरं काय करायचं ते कुणी सांगितलं तर मी तसं करीन.”   तांबडीला वाचवायचं ठरवलं तेव्हा या प्रश्नाचं उत्तर आम्ही कृतीनं देऊन टाकलं होतं, पण आईला ते उत्तर पटलेलं नाही आणि ते न पटताच ती रोज सकाळी वेचायला जात होती. देवळात किंवा विहारात ऐकलेल्या कुठल्याही प्रवचनापेक्षा मला तिचं हे अवघडलेपण जास्त खरं वाटतं.

उंदरांसाठी अण्णांनी पिंजरे आणले. विषाच्या वड्या नकोत, मेलेला उंदीर कुत्र्यानं खाल्ला तर तेही विषच, हे डॉक्टरांनी बजावलं होतं. रिकाम्या प्लॉटच्या पुण्यातल्या मालकाला शोधून काढून अण्णांनी त्याच्याकडून गवत कापायची परवानगी घेतली. आम्ही भिंतीच्या मोरीला जाळी ठोकली. तांबडीची ताटली आणि पाण्याचं भांडं कायमचं आत आलं. गोगलगाय भांड्यावरून गेली तर तिच्या चिकट मागातूनही धोका असू शकतो, असं डॉक्टर म्हणाल्या होत्या, तेव्हापासून आई ते भांडं रोज उकळत्या पाण्यानं धुते. मेथीची जुडी आणली की एकेक पान उलटून पाहते. तिच्या भाजीला त्यामुळे दुप्पट वेळ लागतो आणि मी तक्रार करत नाही.

गणपती झाले. तांबडी खायला लागली होती, किंचाळणं थांबलं होतं, पण मागचे पाय तसेच ओढत होती. एका सकाळी मी डबा भरत होते. तांबडी वाकळीवर बसली होती. तिच्या कानावर माशी बसली असावी. तिनं मागचा उजवा पाय उचलला, कान खाजवायला वर नेला, कानापर्यंत तो पोचला नाही, हवेतच दोनतीनदा हलला, आणि ती तोल जाऊन आडवी पडली. आई ओट्याशी होती. तिनं ते पाहिलं आणि हसायला लागली. हसता हसता पदरानं डोळे पुसले. “पाय उचलला गं,” ती म्हणाली. “आपला आपण उचलला.”

त्यानंतर बरं होणं सावकाश पण सरळ चाललं. डॉक्टर गोळ्या हळूहळू उतरवत गेल्या. दसऱ्यापर्यंत तांबडी पट्टीशिवाय परसात फिरायला लागली. पळताना तिची कंबर अजून एका बाजूला जाते. डाव्या पायाची नखं घासतात, म्हणून सिमेंटच्या रस्त्यावर आम्ही तिला फार नेत नाही. शेपूट सगळ्यात शेवटी वर आली. आता पावसाळा लागण्याआधीपासून दर महिन्याला, जंत कण्यापर्यंत पोचायच्या आत मरावा म्हणून, तिला जंताची गोळी असते आणि ती चुकवायची नाही असा डॉक्टरांचा हुकूम आहे. कारण गोगलगायी कमी झाल्या, संपल्या नाहीत, आणि संपणारही नाहीत. यंदा अण्णांनी कोबीऐवजी सुरण लावला आहे.

गेल्या महिन्यात डॉक्टरांना त्यांच्या जिल्ह्यात सरकारी नोकरी लागली. दवाखाना सोडण्याआधी त्यांनी तांबडीला एकदा दाखवून न्या म्हणून निरोप दिला. आई मुद्दाम निपाणीहून आणलेली इरकली साडी नेसून आली. डॉक्टरांनी पुन्हा ती बोटं दुमडायची परीक्षा घेतली. उजवं पाऊल लगेच सरळ झालं, डावं जरासं थांबून. त्या म्हणाल्या, एवढं चालेल. आईनं रुमालात बांधून आणलेल्या दशम्या त्यांच्या हातात दिल्या.

सगळं आयुष्य सीमेवर काढून आई कन्नड बोलायला लाजते. बाजारापुरतं तिला येतं, पण माझ्यासमोरही बोलत नाही. दाराशी आल्यावर ती वळली आणि डॉक्टरांना म्हणाली, “होगि बर्री.” जाऊन या. डॉक्टरांनी खाली वाकून तिच्या पायाला हात लावला. आई गडबडून मागं झाली, “नको नको” म्हणाली, आणि मग तिनं त्यांचे दोन्ही हात धरले.

नवीन डॉक्टर उंचेपुरे, मोठ्या आवाजाचे आहेत. तांबडी त्यांना पाहून टेबलाखाली शिरते. पुढच्या खेपेला दशमी बरोबर न्यावी, ती डॉक्टरांच्या हातून तिला भरवावी, असं आईचं म्हणणं आहे.